शुगर ग्लायडर आलं घरी, आता या उन्हात जगवू कसं?

कपाशीवाला_दारव्हा

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातून लिहून राह्यलो. माझा चुलतभाऊ पुण्याले कंपनीत होता, तिथं त्यानं शौकानं एक शुगर ग्लायडर, हवेत तरंगत जाणारं बारकं परदेशी जनावर, घेतलं, आता त्याची बदली झाली तर मागच्या हप्त्यात गावाले आला अन् पिंजऱ्यासकट आमच्या सपरीत ठेवून गेला. म्हणे दादा काहीच करा लागत नाही, फळं टाकजो, पाणी ठेवजो, बस. अन् गेला. आता इथं ४३ डिग्री चालू आहे, समोरचं घर टिनाचं, मागं एक जुनी मातीची खोली आहे तिच्यात सरकी अन् तुरीचे कट्टे भरून आहेत, दुपारी दोन-तीन घंटे लाईन राहत नाही, अन् हे मुठीत मावन एवढं जनावर.

दिसाले राखाडी, कपाळापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा, डोळे मात्र बाप्पा, अर्धं तोंड डोळ्याचंच. दिवसभर कापडाच्या थैलीत झोपून राहते. रात्री दहा वाजले की चालू. थैलीत हात घातला की असं करकर ओरडते की पहिल्या रात्री माय टॉर्च घेऊन कट्ट्याईमागं साप पाहून राहिली होती. आता म्हणते तुह्या पिंजऱ्यात बारकं थ्रेशर आहे.

विचाराचं हे की याच्या डोक्याच्या मधोमध टक्कल पडून राह्यलं, चांगलं शेंगदाण्याएवढं, आम्ही गजकर्ण समजून खोबरेल लावून राह्यलो. शेपटीच्या टोकाचे केस तर तो स्वतःच उपटते. आमच्या ढोराच्या डॉक्टरले दाखवलं तर ते हसले, म्हणे मी बैल पाहतो गा, याले मी कुठी सुई टोचू. खायले सध्या केळं, सफरचंद, मक्याचे दाणे अन् माय सकाळी दूध-पोळी देते. पोट्टी सातवीत आहे, तिचा लय जीव लागला आता, नाहीतर परत पाठवलं असतं. कोणी पाळलं असन तर सांगा, अन् साधं सांगा, इंटरनेटवर पाहिलं तर सगळे एसी लावा म्हणतात.


चिमूरचा_बाल्या

भाऊ ते उडती खार तर नाही ना? पाहा बरं, आमच्याकडं ताडोबाच्या बाजूनं उडत्या खारी आहेत अन् ते पाळलं तर फॉरेस्टवाले आधी तुमाले पिंजऱ्यात टाकतील 😄


जंगलवेडा_अकोट

बाल्याभाऊ, गैरसमज नको. उडती खार म्हणजे आपल्या मेळघाट, ताडोबा, नागझिऱ्यात आहे ती, शेपूट धरून मांजरापेक्षा लांब भरते, झाडाच्या ढोलीत राहते, आणि ती खरोखर खार आहे, कुरतडणाऱ्या प्राण्यांतली. ती पकडणं, पाळणं, विकणं सगळा गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. हे शुगर ग्लायडर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी बेटाकडचं, आणि ते खारही नाही न् उंदीरही नाही, कांगारूच्या नात्यातलं आहे, मादीच्या पोटाला पिशवी असते. दोघांनाही हातापायांमधे कातडीचा पडदा आहे म्हणून सारखे दिसतात एवढंच. हा पडदा ताणून ते एका झाडावरून दुसऱ्या झाडावर ५० मीटरपर्यंत तरंगत जातं, म्हणजे तुमच्या वावराच्या एका धुऱ्यावरून अर्ध्या वावरात.

कायद्याचं म्हणाल तर २०२२ मधे दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, परदेशी प्राण्यांपैकी जे साइट्स करारात (धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) आहेत ते चौथ्या अनुसूचीत आले आणि त्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, २०२४ मधे त्याचे नियमही निघाले. शुगर ग्लायडर त्या यादीतलं नाही. तरी चुलतभावाकडून दुकानाचं बिल मागून घ्या, कारण उद्या कोणी तक्रार केली तर बीटवर येणाऱ्या वनरक्षकाला खार आणि ग्लायडर यातला फरक तुम्हालाच समजावून सांगावा लागेल, आणि तेव्हा हातात कागद असलेला बरा.


वणीवाली_ताई

दादा सर्वात आधी खोबरेल बंद करा 😀 ते गजकर्ण नाही. ते नर आहे. मोठ्या नराच्या डोक्यावर वासाची ग्रंथी असते तिथले केस झडतात अन् तसंच टक्कल दिसते, छातीवर पण एक असते. त्या वासानं तो आपला मुलूख आखते, थैलीले घासन, तुमच्या हाताले घासन, पोरीच्या ओढणीले घासन. तुमी तेल लावता म्हणजे त्याची पाटी पुसता.

आमच्याकडं चौथं वर्ष आहे, दोन आहेत, आम्ही वणीले राहतो, इकडं कोळशाची धूळ अन् ऊन दोन्ही फुकट. पहिल्याच उन्हाळ्यात एक गमावलं म्हणून सविस्तर लिहून राहिली, रागावू नका लांब झालं तर.

या जनावराले २४ ते २७ डिग्री बरं वाटते. ३०-३१ च्या वर गेलं की त्रास सुरू. आपल्याकडं ते तापमान सकाळी नऊलेच होऊन जाते. टिनाखाली तर विचारूच नका, बाहेर ४३ म्हणजे टिनाखाली त्याच्याहून जास्त, अन् रात्री आठलेही टिन तापलेलंच. तुमी म्हणता सपरीत पिंजरा आहे, आजच्या आज काढा तिथून. तुमची मातीची खोली आहे ना, एसीच्या तोंडात मारन अशी ती खोली आहे, हात-दीड हात जाडीच्या भिंती, तेच वापरा, सरकीचे कट्टे हलवा दुसरीकडं. पिंजरा भिंतीले टेकवून नको, जमिनीवरही नको, कमरेएवढ्या टेबलावर. अन् पिंजऱ्याच्या उंचीवर एक डिजिटल थर्मामीटर लटकवा, दोन-अडीचशेत येते, कारण आपल्याले थंड वाटते ते अन् त्याच्या थैलीत जे असते ते वेगळं. मी तेच नाही केलं. मी कूलर लावला अन् समजली झालं. कूलरचा झोत डायरेक्ट पिंजऱ्यावर होता, मग लाईन गेली, खिडकी बंद, खोलीत कूलरची सगळी ओल कोंडली, मी लग्नाले गेली होती. तीन घंट्यात संपलं सगळं. आजही लिहिताना कसंतरी होते.

ओळखाचं कसं ते सांगते. गरम झालं की थैलीतून बाहेर येते दिवसाउजेडी, हे पहिलं चिन्ह, कारण दिवसा हे बाहेर येतच नाही. मग पिंजऱ्याच्या तळाशी पोट टेकून चारी पाय पसरून पडते, पोळी लाटल्यासारखं सपाट. हातपाय चाटत राहते. तोंड उघडून धापा टाकाले लागलं म्हणजे उशीर झाला. तवा बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, साध्या पाण्यात बोटं बुडवून कान अन् तळपाय ओले करा, थंड जागी न्या, अन् गाडी काढा.

लाईन नसते तवाची सोय आम्ही अशी केली. पिंजऱ्याच्या तळाशी छोटं घमेलं, त्यात ओली रेती, त्या रेतीत मडकं आडवं अर्धं पुरलेलं, आत कोरडं फडकं. रेतीतलं पाणी उडत जाते तसं मडकं थंड पडते, माठाचं जे आहे तेच. एरवी हे उंचावरच झोपते पण भर दुपारी आपल्या मनानं उतरून मडक्यात जाऊन बसते. दोन लिटरच्या दोन बाटल्या फ्रिजरात ठेवते, लाईन गेली की एक बाटली दुपट्ट्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरून टेकवाची, आत नाही, आत ठेवली तर ओलं होते. खिडकीले ओलं पोतं. एवढ्यावर आमचे मागचे उन्हाळे निघाले.

आता शेपटीचं. हे दुखणं केसाचं नाही, एकटेपणाचं आहे. जंगलात हे कळपानं राहतात, एका ढोलीत सात-आठ जण एकमेकाच्या अंगावर झोपतात. एकटं ठेवलं की आधी केस उपटते मग कातडी चावते, काही तर स्वतःची शेपटी कुरतडून टाकतात. दुसरं आणा लागन. पण लगेच एका पिंजऱ्यात टाकू नका, मारामारीत जीव जाते. आधी दोन पिंजरे शेजारी, मग थैल्याईची अदलाबदल म्हणजे वास ओळखीचा होते, मग दोघाईले तिसऱ्याच जागी सोडा. अन् मादी आणली तर नराची नसबंदी आधी. नाहीतर सोळा दिवसाचा गाभण काळ, तांदळाच्या दाण्याएवढं पिल्लू, ते पिशवीत सव्वादोन महिने, वर्षातून दोनदा हे चालते, मग तुमी पुढच्या वर्षी इथंच येऊन विचारसान की सहा ग्लायडर कोणाले देऊ.

तवरोक तुमच्या पोरीले सांगा, अंगातल्या बनियनच्या खिशात थैलीसकट घेऊन बसजो दिवसा एखाद घंटा, तो झोपूनच राहते पण वास अन् ऊब मिळते. करकर करन, करू द्या, हात झटकू नका. झटकला की त्याले समजते ओरडलं की माणूस पळते.


विदर्भाचा_वाघ_७७

कायले एवढा खटाटोप. शेतात आंब्यावर सोडून द्या, निसर्गाचा जीव निसर्गात. ज्याचं त्यानं पाहावं.


जंगलवेडा_अकोट

वाघसाहेब, सोडून द्या हे सगळ्यात वाईट. एक तर पिंजऱ्यात वाढलेलं जनावर, बोका किंवा घुबड पहिल्याच रात्री उचलेल. आणि समजा नाही उचललं, जगलं, तर ते त्याहून वाईट. टास्मानियात हे मूळचं नव्हतं, माणसानंच नेलं, आता तिथं स्विफ्ट पॅरट नावाचा पोपट आहे त्याच्या ढोलीत शिरून अंडी, पिल्लं आणि अंड्यावर बसलेली मादीसुद्धा खातं. तो पोपट नामशेष व्हायच्या काठावर आहे. आपल्याकडं ढोलीत घरटं करणारे पोपट, धनेश, पिंगळे कमी आहेत का.


कपाशीवाला_दारव्हा

ताई, तुमचं वाचून रातोरात कट्टे हलवले. सगळे म्हणाले उंदरासाठी खोली खाली करून राह्यला. थर्मामीटर कालच दारव्ह्यातून आणला. सपरीत दुपारी तीनले ४१.६, मातीच्या खोलीत त्याच टायमाले ३३. म्हणजे फरक आहे पण ३३ म्हणजे तरी जास्तच ना? मडकं केलं. आज पहिल्यांदा मडक्यात गेला, पोट्टीनं फोटो काढले पन्नास.

टक्कल पाहून माय म्हणते अरे याच्या बापाले पण असंच असन 😄

आता खायचं सांगा कोणीतरी. कॅल्शियम लागते म्हणतात, तर आमच्याकडं पानाचा चुना आहे तो पाण्यात टाकू का थोडा? गुरवार-मंगळवारी बुढे लोकं खातात कॅल्शियमसाठी म्हणून. अन् किडे लागतात म्हणे, तर कपाशीतली बोंडअळी पुष्कळ भेटते हंगामात, फुकट आहे, ती चालन का? अन् एक इसरलो, उडी मारताना मागचे पाय थोडे घसरतात त्याचे, जाळी धरून चढते तवा मागचा डावा पाय मागं राहते. वय झालं असन का? भाऊ म्हणे दोन वर्षाचा आहे.


पशुवैद्य_अमरावती

कपाशीवाले भाऊ, मी पशुवैद्य आहे, माझंही रोजचं काम गाई-म्हशी-शेळ्यांचंच आहे पण अमरावतीत काही लोकांकडे हे प्राणी आहेत म्हणून थोडं शिकावं लागलं. तुमच्या पोस्टमधली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तुम्ही ती विसरलो म्हणून शेवटी लिहिली. दोन वर्षं म्हणजे वय नाही, नीट सांभाळलं तर हे दहा-बारा वर्षं जगतात. मागचे पाय ओढणं हे कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. आहारात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी झालं की शरीर हाडातून कॅल्शियम काढून घेतं, हाडं पोकळ होतात, मग एक दिवस मागचा भाग लुळा. म्हशीला व्याल्यावर मिल्क फीवर होतो तेव्हा ती बसते ना, कारण वेगळं पण खातं तेच, कॅल्शियमचं. हे लवकर धरलं तर सुधारतं. उशीर झाला तर नाही.

केळ्यात आणि मक्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट आहे, म्हणजे पुण्यापासून हा प्राणी नेमकं उलटंच खात आलाय. आपल्याला पाहिजे कॅल्शियम दोन भाग तर फॉस्फरस एक भाग. पपई त्या हिशोबात जवळ बसते, संत्रंही बसतं, अंजीरही चांगलं. संत्र्याची एखादी फोड, बी काढून, रोज नको. दूध-पोळी आजच बंद, दूध पचत नाही, जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाला, शंभर-सव्वाशे ग्रॅम वजन, जुलाबात एका दिवसात पाणी संपतं.

चुना अजिबात नाही. तोंड भाजेल. आणि चुन्यावरून आठवलं, घरात खर्रा खाणारं कोणी असेल तर साबणानं हात धुतल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. हे बोट चाटणारं जनावर आहे आणि तंबाखूचं विष वजनावर चालतं. कॅल्शियमची फॉस्फरस नसलेली पावडर मिळते, व्हिटॅमिन डी३ असलेली, ती किती द्यायची हे तपासल्यावरच ठरवता येतं, मी इथं बसून चमच्याचं माप सांगणार नाही.

मुख्य जेवण म्हणून जगभर एक जुनं मिश्रण चालतं, लेडबीटर मिश्रण म्हणतात, तुम्ही घरी करू शकता. १५० मिली कोमट पाणी, १५० मिली मध, एक पूर्ण उकडलेलं अंडं सोललेलं, २५ ग्रॅम लहान बाळांचं प्रोटीनवालं सिरीयल आणि एक चमचा व्हिटॅमिन-मिनरल पावडर. आधी अंडं फिरवून घ्यायचं, मग पाणी-मध थोडं थोडं, मग बाकीचं, गुठळी राहायला नको. बर्फाच्या ट्रेमधे भरून फ्रिजरात ठेवायचं आणि रोज संध्याकाळी एकेक खडा काढायचा. हे निम्मं, आणि उरलेलं निम्मं किडे किंवा किडे खाणाऱ्या प्राण्यांचा तयार खाऊ, वर तोंडी लावायला फळाचा तुकडा. दिवसाचं सगळं मिळून त्याच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आत. जास्त दिलं तर तो गोड तेवढं वेचून खाईल, आपल्या पोरांसारखं.

बोंडअळी नको. का ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातले आहात, २०१७ मधे फवारणीनं माणसं गेली. ज्या पिकावर ते औषध पडतं त्यातली अळी या प्राण्याच्या तोंडात देऊ नका. धुऱ्यावरचे नाकतोडेही नकोत. मीलवर्म नावाच्या अळ्या घरी कोंड्यात वाढवता येतात, डब्याला जाळी लावून, गाजराचा तुकडा ओलाव्याला. पण मीलवर्ममधेही फॉस्फरस जास्तच, म्हणून खायला देण्याआधी कॅल्शियम पावडरीत घोळवायचे.

एक गोष्ट मात्र तुमच्या वावरात फुकट आहे आणि पुण्यात विकत घ्यावी लागते. बाभळीचा डिंक. जंगलात हे प्राणी बाभळीच्याच कुळातल्या झाडांच्या सालीला दातानं खाच पाडून डिंक चाटतात. फवारणीपासून लांबच्या झाडाचा, तुम्ही स्वतः खोडावरून काढलेला घ्या, दुकानातला नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं. हरभऱ्याएवढा खडा फांदीला चिकटवून द्या. त्याला काम मिळतं, शेपटीवरचं लक्ष जातं.

आणि पायासाठी थांबू नका. नागपूरला सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आधी फोन करून विचारा की लहान परदेशी प्राणी कोणत्या दिवशी बघतात, एक्स-रे काढून घ्या. रात्रीच्या गाडीनं न्या. दिवसा एसटीत नेऊ नका.


आर्वीचा_संतऱ्यावाला

डॉक्टर साहेबानं मस्त सांगितलं. माझ्याकडून दोन गोठी, एक उन्हाळ्याची नाही पण लिहून ठेवतो, हिवाळ्यात कोणाच्या कामात येईन.

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडं पहाटे पारा आठ-नऊवर येते. मागच्या साली एका सकाळी पाहिलं तर आमची ग्लायडर थैलीत गोळा होऊन थंडगार, हलवलं तरी हालत नाही, श्वास दिसत नाही. बायको रडाले लागली. मी बिचारा कुदळ घेऊन संत्र्याच्या बागेत गड्डा खणाले गेलो. गड्डा अर्धा झाला तवा बाबा म्हणे आण इकडं, अन् त्यानं आपल्या कोपरीच्या आत छातीले लावून चुलीजवळ बसला, चुलीच्या वर नाही, जवळ. वीस-पंचवीस मिनिटं झाले अन् बाबाची कोपरी करकर कराले लागली. त्याले टॉर्पर म्हणतात हे मग डॉक्टरकडून समजलं, थंडीत अन् भूक लागली की शरीर आपलं मशीन हळू करते, जीव वाचवाले. पण पाळलेल्या जनावराले असं होऊ देणं बरं नाही, म्हणजे खोली थंड आहे किंवा खाणं कमी आहे. गरम पाण्याची थैली डायरेक्ट लावजा नका, अंगाची ऊब सगळ्यात चांगली. तो गड्डा तसाच ठेवला, त्यात आता एक कलम लावलं.

दुसरी गोठ मुंग्याईची. डॉक्टरनं मध सांगितला, बरोबर आहे, पण गावात मधाची वाटी ठेवली की दहा मिनिटात लाल मुंग्याईची वरात. पिंजऱ्याच्या टेबलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यात ठेवा, दुधाचा गंज ठेवतो तसं परातीत. अन् टेबल भिंतीले लागू देऊ नका नाहीतर वाट्या फुकट. पहाटे उरलेलं उचलून घ्या, या उन्हात अंड्याचं मिश्रण सकाळपर्यंत आंबते.

बाहेर सोडत असान खोलीत तर सीलिंग फॅन बंद, अन् बादली झाकून. आमचं एकदा न्हाणीच्या बादलीत पडलं होतं, बाहेर निघता येत नाही, नशीब की बायको तिथंच होती. फांद्या जांबाच्या म्हणजे पेरूच्या टाका, निलगिरीच्या टाका, कण्हेरीची एक काडी पण नको, विषारी आहे. जाळीचा गाळा अर्ध्या इंचापेक्षा मोठा असन तर बदला, डोकं गेलं की अख्खं जनावर जाते, अन् आपल्याकडं बाहेर कोण बसून असते ते सांगाले नको, आमच्या इथं दोनदा धामण खिडकीतून येऊन पिंजऱ्याले वेढा घालून बसली होती.


कपाशीवाला_दारव्हा

मंडळी, बारा दिवसानं येऊन राह्यलो, माफ करा, तूर विकाची होती अन् मधात नागपूर झालं.

रात्रीच्या गाडीनं गेलो, थैली माझ्या बनियनच्या आत, वरून शर्ट. बाजूच्या सीटवर एक मावशी होती, वर्धेच्या पुढं याला जाग आली अन् शर्टातून करकर. मावशीनं अख्ख्या गाडीले उठवलं. कंडक्टर म्हणे काय आहे, मी म्हटलं अलार्म. तो म्हणे बंद करा. कसा बंद करू सांगा.

एक्स-रे काढला. हाडं पातळ आहेत पण मोडलेलं कुठी नाही. डॉक्टर म्हणे महिना-दीड महिना उशीर झाला असता तर मागचा भाग गेला असता. औषध थेंबानं देतो, पावडर दिली, उंच उड्या बंद, म्हणून पिंजऱ्यातल्या वरच्या फांद्या काढून खाली कापडाच्या झोळ्या बांधल्या. केळं-मका बंद. केळं बंद केलं तर दोन रात्री जेवला नाही, वाटी उलटी करून त्याच्यात मुतला. तिसऱ्या रात्री खाल्लं.

मिश्रणाचं मात्र मोठं महाभारत झालं. आमचं घर माळकरी, अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. तर गोठ्याजवळ जुना स्टोव्ह, एक गंज, वेगळा चमचा, अन् भावाले फोन करून सांगितलं की तुह्या जनावरासाठी मिक्सर तूच पाठव. त्यानं पाठवला, एक शब्द बोलला नाही. माय पहिले दोन दिवस गोठ्याकडं फिरकली नाही. परवा मी वावरातून उशिरा आलो तर पोट्टी म्हणे आजीनंच खडा काढून दिला, पण लाकडाच्या चिमट्यानं, अन् मग हात तीनदा धुतले.

बाभळीचा डिंक दिला. डॉक्टर साहेब, तुमाले काय सांगू, दोन्ही हातानं खडा धरून असा चाटते, जसा म्हातारा माणूस पेढा खाते, डोळे अर्धे मिटून. शेपटीचे केस उपटणं कमी झालं, बंद नाही झालं. नसबंदीबद्दल नागपूरले विचारलं, ते म्हणे आधी हाडं भरू द्या, पावसाळ्यानंतर आणा. मग दुसरं पाहू. वणीवाल्या ताई, तवा तुमच्याकडं एखादी मादी असन तर सांगजा.

अन् मातीच्या खोलीत आता दुपारी ३० च्या आसपास राहते, पोत्यानं अन् मडक्यानं. काल मात्र एक झालं, सकाळी मी रेती ओली कराले गेलो तर घमेलं वाजलं अन् हा जो उठला तो अकरा वाजेपर्यंत ओरडत बसला, झोपलाच नाही.


वणीवाली_ताई

रेती सकाळी ओली करू नका ना दादा. रात्री नऊ-साडेनऊले करा, तो उठाच्या आधी, अन् दुपारी लागलीच तर लोट्यानं नाही, फडकं पिळून. एक्स-रेचं ऐकून बरं वाटलं. मादी आहे आमची एक, दीड वर्षाची, पण दिवाळीच्या आधी देणार नाही, अन् आधी तुमच्याकडून त्याची एक झोपलेली थैली पाठवा, न धुतलेली.